घरचे दोन सोनार

शेजारच्या बाई एकदा तुटलेली साखळी रुमालात गुंडाळून घेऊन आल्या होत्या. तुमच्याकडे दोन-दोन सोनार आहेत असं ऐकलं, जरा जोडून मिळेल का, म्हणाल्या. आईने त्यांना बसवलं, चहा दिला आणि समजावून सांगितलं की आमचे सोनार पाण्याखालचे. पाणबुडीत कानाला यंत्र लावून बसायचं आणि नुसत्या आवाजावरून सांगायचं, की आसपास जहाज आहे, होडी आहे, की नुसतेच मासे. त्या यंत्राचं नाव सोनार, म्हणून त्यावर बसणाऱ्यालाही सगळे सोनारच म्हणतात. एक माझा मुलगा, एक जावई. बाई साखळी घेऊन परत गेल्या, पण घरात बोलणं कायमचं राहिलं: सोनार दोन आणि सोनं गुंजभर नाही.

पुढे दोनाचा एक झाला. अडीच वर्षांपूर्वी वार्षिक तपासणीत मुलाच्या डाव्या कानात काहीतरी उणं निघालं. सहा आठवड्यांनी पुन्हा बोलावू म्हणाले, आणि ते बोलावणं काही आलं नाही. ज्याला सगळी बोट कौतुकाने कानसेन म्हणायची, तो धक्क्यावरच्या कोठारात जाकिटं आणि दोर देण्या-घेण्याचं काम करू लागला. संध्याकाळी सहाला घरी यायचा, किल्ली खुंटीला लावायचा. घरातले सगळे त्याच्याशी ओरडून बोलायचे, आणि जेवताना आई न चुकता त्याच्या उजव्या हाताला बसायची.

राहिला जावई. तो कानसेनच्याच तुकडीतला. एका रविवारी मित्र म्हणून जेवायला आला आणि वर्षभरात धाकटीला घेऊन गेला, हा प्रताप आईने अजून त्याला विसरू दिलेला नव्हता. आजचं जेवण त्याच्यासाठीच होतं. बुधवारी पाणबुडी निघणार होती, दहा आठवड्यांसाठी. त्याची ही सलग चौथी फेरी, आणि धाकटीचे दिवस भरायला आठ आठवडे उरले होते. हिशेब कोणालाही करता येण्यासारखा होता, म्हणून कोणी तो मोठ्याने करत नव्हतं.

धाकटी नवऱ्याच्या आधी तासभर आली ती थेट थोरल्या ताईला गाठायला. तिने ताईला आतल्या खोलीत नेलं, पलंगावर बसवलं आणि दार लोटून स्वतः दाराला पाठ लावून उभी राहिली. आठव्या महिन्यातली बाई दार अडवून उभी राहिली की तिला बाजूला सारून जाता येत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिचं म्हणणं एवढंच होतं, की या वेळी दुसऱ्या कोणालाही पाठव.

ताई गेली बावीस वर्षं नौदलाच्या नेमणूक कार्यालयात आहे. गणवेश नाही, खांद्यावर पट्ट्या नाहीत, पण कोणत्या बोटीवर कोण जाणार ती यादी तिच्या टेबलावर तयार होते आणि साहेब खाली सही करतात. ती नोकरीला लागली तेव्हा जागा ठरलेल्या असायच्या आणि माणसं रांगेत उभी असायची. आता जागा तेवढ्याच आहेत आणि रांग कधीच संपली आहे. दुरुस्तीला लागलेल्या बोटीवरचा स्वयंपाकी निघणाऱ्या बोटीला उसना द्यायचा. तो परत यायच्या आत पहिली बोट दुरुस्त झाली, तर तिच्यासाठी तिसरीकडून उसना आणायचा. शेजारणी साखर नेतात तसा हा कारभार. अशा माणसाच्या नावापुढे ताई पेन्सिलीने 'उ' लिहिते. गेल्या वर्षी एका बोटीच्या यादीत 'उ' नसलेला एक कप्तानच उरला होता, आणि त्याच्यावरही दुसऱ्या बोटीचा डोळा होता.

नवी पाणबुडी आली की फीत कापतात, फोटो छापून येतात. ताई फोटो बघते आणि पहिल्यांदा विचारते, हिच्यात बसणार कोण. बोट कारखान्यात चार वर्षांत तयार होते. सोनारावर बसणारा माणूस तयार व्हायलाही चार वर्षं लागतात, आणि त्यातले निम्मे कान तयार व्हायच्या आतच नोकरी सोडून जातात. दहा-दहा आठवडे ऊन नाही, फोन नाही, घरची खबर नाही. कोण राहणार?

हे सगळं ताईने धाकटीला पूर्वीही सांगितलं होतं, आज पुन्हा सांगितलं. बुधवारच्या बोटीवर सोनारासाठी जागा सहा, माणसं चार, त्यातली दोन सोनारच्या शाळेतून नुकती बाहेर पडलेली पोरं. सहा जण असले की पुरती झोप मिळते. चार असले की सहा तास ऐकायचं आणि सहा तास पडायचं, सत्तर दिवस असंच. तीनच उरले तर बोट निघू शकत नाही, आणि ही जागा घ्यायला निघाली नाही तर जी आत्ता समुद्रात आहे तिला परत येता येत नाही. तिच्यावरची माणसं आधीच ऐंशी दिवस पाण्याखाली आहेत.

"आडातच नाही," ताई म्हणाली, "तर पोहऱ्यात कुठून आणू?"

"तू मनात आणलंस तर आणशील. यादी तूच करतेस."

ताई गप्प बसली. धाकटीला वाटलं की आपल्या बोलण्याचा परिणाम होतोय, म्हणून ती आणखी बोलत राहिली. तो पहिल्यासारखा राहिला नाही, म्हणाली. मागच्या फेरीवरून आल्यापासून माझ्याकडे लक्षच नसतं त्याचं. मागून हाक मारली तर ओ देत नाही. टीव्ही एवढा मोठा लावतो की खालच्या मजल्यावरचे तक्रार करतात. मी बोलत असले की नुसता तोंडाकडे बघत बसतो. मन अजून तिकडेच आहे त्याचं, आणि ते परत यायच्या आत तुम्ही माणूस पुन्हा घेऊन चाललात. हे बोलताना तिला रडू आलं. तिला रडायचं नव्हतं, म्हणून ती ताईवर चिडली आणि दार उघडून निघून गेली.

ताई तशीच बसून राहिली. मनात आणलं की होतं, हे तिच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं.

*

स्वयंपाकघर घराच्या मागच्या टोकाला आहे आणि गॅलरी पुढच्या. मध्ये बोळ, मग बाहेरची खोली, जिथे शेजाऱ्यांच्या रेडिओचा आवाज भिंतीतून येत असतो. आई मासा तळत होती. ताई आत आली, तिने दार लावलं, धुराचा पंखा सुरू केला आणि भांडी घासायच्या निमित्ताने नळ पुरता सोडला. आईने मान वर केली. घासायला भांडी नव्हती.

आईविषयी इथे थोडं बोललं पाहिजे, कारण नंतर तिलाही जाब विचारला जाणार आहे. तिचा नवरा एकतीस वर्षं जहाजांच्या इंजिनघरात होता. घरी आला की टॉवेल कुठे ठेवतेस म्हणून विचारायचा, आणि टॉवेल सापडेपर्यंत त्याची जायची तारीख यायची. निवृत्त झाला आणि अकराव्या महिन्यात गेला. त्या आठवड्यात भेटायला येणाऱ्यांची वर्दळ संपल्यावर ती थोरलीला म्हणाली होती, की एकाला तरी माझ्या डोळ्यांसमोर राहू दे. माणूस दुःखात बोलतो तसं बोलली होती. महिन्याभराने मुलाच्या कानाचं निघालं. तिला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटून झाल्यावर रोज संध्याकाळी सहा वाजता किल्लीचा आवाज आला की बरंही वाटू लागलं. ते बरं वाटणं तिने कोणाला सांगितलं नव्हतं.

ताई अगदी हळू बोलली. तो डावा कान कधी गेलाच नव्हता, म्हणाली. तपासणीच्या वेळी त्याला सर्दी होती, कानाला दडा बसला होता, आणि डॉक्टरांनी तसं लिहूनही दिलं होतं. सहा आठवड्यांनी पुन्हा बोलवा म्हणून पत्र आलं ते तिच्याच टेबलावर. तिने ते पुढे पाठवलं नाही.

"अडीच वर्षं माझ्या खणात आहे, आई. त्याने एकदा विचारलं होतं. मी म्हटलं, येईल रे. मग त्याने विचारलंच नाही."

"हळू बोल," आई म्हणाली. "भिंतीला कान असतात."

माशाचा तुकडा करपायला लागला होता तो तिने उलटला. मग विचारलं की आणखी कोणाला माहीत आहे. कोणालाच नाही, ताई म्हणाली, या कानाचं त्या कानाला कळू दिलेलं नाही. मग फाडून टाक, आई म्हणाली. ताईने सांगितलं की पत्रावर आल्या दिवसाचा शिक्का आहे, नोंदवहीत क्रमांक आहे, आणि समजा फाडलं, तरी जावई बुधवारी जातोच आहे. तो गेलेल्या मागच्या तीन फेऱ्यांतली एक तरी कानसेनची होती. कदाचित दोन.

"जावई येईल परत," आई म्हणाली. "प्रत्येक वेळी येतोच ना तो."

बोलून झाल्यावर तिला आपलेच शब्द ऐकू आले. तिने आच बंद केली आणि झारा हातात धरून उभी राहिली. तो पोरगा पहिल्यांदा जेवायला आला तेव्हा जेवण झाल्यावर स्वतःचं ताट स्वतः धुवायला गेला होता, हे तिला त्या क्षणी आठवायला नको होतं. पण आठवलं.

*

गॅलरीत दोघं सोनार खुर्ची दुरुस्त करत होते. आज टेबलाला पाचवी खुर्ची लागणार होती आणि पाचवीचा पाय गेले वर्षभर डुगडुगत होता. जावयाने डिंक लावून पाय बसवला होता आणि कानसेन तो घट्ट दाबून धरून होता. डिंक वाळेपर्यंत काही काम नव्हतं. जावई रेलिंगला टेकून खालच्या रस्त्यावरच्या सायकली बघत बसला. कानसेनला सवय होती, म्हणून तो ऐकत बसला.

सोनारावर बसणाऱ्याला पहिली गोष्ट शिकवतात ती ऐकायची नाही, न ऐकायची. आपल्या बोटीचा पंप ओळखायचा आणि मनातून काढून टाकायचा. आपला पंखा काढून टाकायचा, स्वयंपाक्याची भांडी, शेजारच्याचं घोरणं, सगळं एकेक करून काढून टाकायचं. मग जे उरतं ते परकं. कानसेनने इतकी वर्षं हेच केलं होतं, आणि बोटीवरून उतरवल्यावरही तो घरी बसल्या-बसल्या हेच करायचा. रस्ता वजा. रेडिओ वजा. धुराचा पंखा वजा, नळ वजा. आणि नळाच्या पलीकडे ताईची कुजबूज उरली.

त्याने पहिलं वाक्य ऐकलं तेव्हा त्याला वाटलं आपण चोरून ऐकतोय, आणि सभ्य माणसासारखा तो दुसरीकडे लक्ष द्यायला गेला. मग स्वतःचं नाव आलं, डावा कान आला, खण आला.

तुम्ही म्हणाल, अडीच वर्षं या माणसाला आपल्याला नीट ऐकू येतंय हे कळलं कसं नाही. तोच तर घोळ होता. जे ऐकू येत नाही ते ऐकू येत नाही, हे माणसाला कळणार कसं? यंत्राने सांगितलं की काहीतरी कमी आहे, आणि यंत्रावर विश्वास ठेवायला त्याला चार वर्षं शिकवलं होतं. त्याला सगळं ऐकू यायचं. पण त्याला वाटायचं की याहून कितीतरी जास्त असणार, आणि ते आपल्यापर्यंत पोहोचत नाही. रस्ता ओलांडताना तो डावीकडे दोनदा बघायचा. रात्री डाव्या कुशीवर झोपायचा, चांगला कान वर ठेवून. लग्नाचं एक स्थळ त्याने स्वतःच नाकारलं होतं, कमी ऐकू येणाऱ्याच्या गळ्यात पोरगी कशाला बांधता म्हणून. घरातले ओरडून बोलायचे, आणि तो ते निमूटपणे ऐकून घ्यायचा.

त्याचे हात खुर्चीच्या पायावर तसेच होते. राग यायला हवा होता, आणि तो आलाच. पण त्याच्याबरोबर दुसरंही काहीतरी आलं, आणि ते इतकं सुखाचं होतं की त्याला स्वतःची लाज वाटली. कान शाबूत होता.

काहीतरी बोलायला हवं म्हणून तो म्हणाला, "नळ बंद झाला."

जावई सायकली बघत होता. कानसेनने पुन्हा म्हटलं, तेव्हा त्याचे ओठ हलताना जावयाला दिसले.

"कुठला नळ?" त्याने विचारलं.

कानसेनने त्याच्याकडे पाहिलं. मग सहज केल्यासारखं तोंड रस्त्याकडे वळवून त्याने हळू आवाजात काहीबाही म्हटलं. पाय वाकडा बसलाय, असं काहीतरी. पाय सरळच बसला होता, आणि कोणीही खाली वाकून बघितलं असतं. जावई बघत राहिला तो सायकलीच.

*

जेवायला बसताना जागा नेहमीप्रमाणेच लागल्या. आई कानसेनच्या उजव्या हाताला, समोर जावई आणि धाकटी, आणि दुरुस्त केलेल्या खुर्चीवर ताई. ती खुर्ची तिने मुद्दाम मागून घेतली. मोडायची तर माझ्याखाली मोडू दे, म्हणाली.

"अरे, भात घे की!" आई कानसेनच्या कानाशी ओरडली.

"हळू बोल, आई," तो म्हणाला. "ऐकू येतं मला."

त्याने ते इतक्या साध्या आवाजात म्हटलं, की धाकटीला आधी काही कळलं नाही. तिने फक्त ताईचा हात ताटाच्या वर थांबलेला पाहिला. मग कानसेन ताईकडे वळला आणि म्हणाला, की तुझ्या खणातलं पत्र उद्या सकाळी साहेबांना दे.

धाकटीने विचारलं, कसलं पत्र. कानसेन सांगू शकला असता, पण तो थांबला. सांगायचं ते ताईनेच सांगावं, असं त्याला वाटलं असावं. ताईने सांगितलं. मान खाली घालून, ताटाशी बोलल्यासारखं, पण काहीही न वगळता सांगितलं. मध्येच जावयाने धाकटीला कोपराने हलवून विचारलं, काय म्हणते ती. धाकटीने त्याला गप्प केलं. तिचं लक्ष फेऱ्या मोजण्यात होतं. त्या तीनपैकी एका फेरीत तिचं पहिलं बाळ पोटातच गेलं होतं, आणि नवऱ्याला ते सात आठवड्यांनी कळलं होतं.

ते ती बोलली. आवाज न चढवता बोलली आणि मग ताईला म्हणाली, की आज तू मला आडात पाणी नाही म्हणून सांगितलंस. आडावर झाकण घालून तूच बसली होतीस.

ताईने ते ऐकून घेतलं. मग धाकटी आईकडे वळली आणि तिने विचारलं, तुला माहीत होतं का. आईला खोटं बोलता आलं असतं, आणि अर्धं खरंही बोलता आलं असतं, कारण पत्राचं तिला खरोखर तासापूर्वीच कळलं होतं.

"पत्राचं आज कळलं," ती म्हणाली. "पण मागितलं होतं मीच. तिच्या एकटीवर नको टाकूस."

अडीच वर्षं ज्या दोघी एका बाजूला होत्या त्या अजूनही एका बाजूलाच राहिल्या, आणि धाकटीला ते आणखी लागलं. तिने भावाकडे पाहिलं. आता हा तरी आपल्या बाजूने बोलेल, असं तिला वाटलं.

कानसेन बोलला, पण स्वतःविषयी. मला जायचं आहे की राहायचं आहे हे तुम्ही कोणी विचारलंच नाही, म्हणाला. कदाचित राहिलोही असतो. बाबांचं पाहिलं होतं मी. पण तुम्ही मला ठेवलंत ते मोडका म्हणून ठेवलंत. मी रोज सकाळी उठून स्वतःला मोडका समजत होतो, आणि ताई, तू रोज सकाळी मला डबा द्यायचीस. तो उठला, पाण्याचा तांब्या घेऊन टेबलाला वळसा घालून जावयाच्या मागे जाऊन उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "अरे, तुझ्या कॉलरवर मुंगळा चढलाय."

जावई माशातला काटा काढत होता. तो काटा काढतच राहिला.

कानसेनने तेच पुन्हा म्हटलं, थोडं मोठ्याने. ताईने मान वर केली. आईचा घास हातातच राहिला. धाकटी नवऱ्याच्या शेजारीच बसली होती, तिच्यापासून त्याचा कान वीतभर लांब होता. मागून मारलेल्या हाका, टीव्हीचा आवाज, तोंडाकडे बघत बसणं हे सगळं तिच्यासमोर एका क्षणात लागोपाठ उभं राहिलं. ती इतके महिने त्याच्यावर रागावत होती.

सगळे गप्प झालेले पाहून जावयाने वर बघितलं. एकेका चेहऱ्यावरून त्याची नजर फिरली. मागे उभा असलेला कानसेन त्याला सगळ्यात शेवटी दिसला.

"काय म्हणाला हा?" त्याने विचारलं.

मग त्याचं त्यालाच कळलं. त्याने काटा ताटाच्या कडेला ठेवला, बोटं पुसली आणि सांगून टाकलं. त्याला माहीत होतं, सहा-सात महिने झाले. बारीक, वरच्या पट्टीतले आवाज आधी गेले. मागच्या फेरीत एक मासेमारी बोट लांब आहे असं त्याने सांगितलं होतं आणि ती लांब नव्हती. शेजारच्या शिकाऊ पोराने ओरडून सांगितलं म्हणून पाणबुडी वेळेवर खाली गेली. आत पंचेचाळीस माणसं होती. त्यानंतर तो कानाची तपासणी कधी येते याची वाट बघत होता, आणि घाबरतही होता. तपासणी आलीच नाही.

"दोनदा मुदतवाढ दिली," ताई म्हणाली. "तपासणीला माणूस काढायचा तर त्याच्या जागी द्यायला कोणी नव्हतं. मीच टाइप केलं ते. पत्रांवर माझी आद्याक्षरं आहेत."

जावयाने तिच्या ओठांकडे बघून ते ऐकलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, थकवा होता. तो म्हणाला, की मी तरी कुठे बोललो. मी नाही म्हटलं तर तीन उरतात. तीनावर बोट निघत नाही, आणि जी बाहेर आहे तिच्यावरची माणसं घरी येत नाहीत. शिकवताना सांगितलं होतं की सोनारवाल्याने शंका आली तर लगेच बोलायचं. बोटीवर मी बोललोही असतो. पण इथे मागे रांगेत कोणीच उभं नाही, हे दिसत असताना माणूस कसा बोलणार?

मग ताईने सांगितलं की उद्या सकाळी आठला ती साहेबांसमोर उभी राहील, खणातलं पत्र आणि दोन मुदतवाढी घेऊन. दोघांची तपासणी उद्याच होऊ शकते, दवाखाना धक्क्यावरच आहे. कानसेन पास झाला तर चार होतात. नाही झाला तर बोट थांबेल आणि थांबायलाच हवी. तिची नोकरी जाईल हे ती बोलली नाही, पण सगळ्यांना कळलं.

"जाऊ दे," धाकटी म्हणाली. तिला ते तसंच म्हणायचं होतं.

"ती गेली तर यादी कोण करणार?" जावई म्हणाला. "तिथेही माणूस नसणार."

हे हसण्यासारखं होतं, आणि कानसेन हसलाही, नाकातल्या नाकात. मग तो ताईच्या खुर्चीमागे आला, तिच्या पेल्यात पाणी ओतलं आणि म्हणाला, की सोनारानेच कान टोचावे म्हणतात, म्हणून टोचले. ताईने मान हलवली. तिने पाण्याला हात लावला नाही, पण मघापासून आवरून धरलेलं रडू आता तिला आवरेना. ती तिथेच, ताटावर वाकून रडली, आणि धाकटीने तिला रडू दिलं. जवळ घेतलं नाही. आज तरी नाही.

कानसेन परत आपल्या जागेवर येऊन आईजवळ बसला. तो आईला म्हणाला, हळूच, तिच्यापुरतं, "पास झालो तर बुधवारी जाईन मी."

आई त्याच्याकडे बघत होती. अडीच वर्षं ती या खुर्चीवर बसून त्याच्या कानात ओरडत होती. बाबा घरी असते तर म्हणाले असते, टॉवेल कुठे आहे.

मग ती उठली. तिने आपलं ताट उचललं, खुर्ची ओढली आणि टेबलाला वळसा घालून जावयाच्या शेजारी नेऊन ठेवली. धाकटीने थोडं सरकून जागा करून दिली. आई बसली, भाताचं भांडं जवळ ओढलं आणि जावयाच्या कानाशी वाकली.

"जावईबुवा," ती ओरडली, "भात घेता ना थोडा?"

एवढं ओरडायची गरज नव्हती. जावयाने ताट पुढे केलं.